माझ्या नावाची गोळी काहून नाही?

शाळेत नर्स आहे म्हटलं की लोकं म्हणतात, "मजा आहे बाप्पा तुमची! काय काम राहते तिथं?" मी म्हणते, एक दिवस मधल्या सुट्टीत या आमच्या शाळेत. माझ्या खोलीत औषधं कमी आणि किस्से जास्त निघतात.

आता हेच घ्या. ज्या पोरांचं दुपारचं औषध असते, त्यांच्या डब्या नाव टाकून माझ्या कपाटात. सुट्टी झाली की मी वर्गाच्या दारात जाऊन हाक मारते. चार-पाच पोरं अशा रुबाबात उठतात, जशी स्टेजवर बक्षीस घ्यायले चालली! बाकीची जळून खाक. तिसरीतल्या एकानं तर पाय आपटत विचारलं, "सिस्टर, मले काहून एकही बिमारी नाही?"

दुसऱ्या दिवशी तोच पठ्ठ्या स्टीलची डबी घेऊन हजर. आत आजीच्या हिंगाच्या गोळ्या! म्हणे, "कपाटात ठेवा. खायाच्या नाहीत मले. फक्त जोरात हाक मारा!"

पोरांचं काय घेऊन बसता, मीही काही कमी जळकुकडी नाही. दुसरीच्या रंगारी मॅडमच्या मागंपुढं पोरं नुसती लटकून राहतात. टीचर्स डेले तिचं टेबल गुलाबांनी भरलं. माझ्याकडे पहिलीतला एकच जण आला, आणि भडाभडा ओकला. मॅडम दारातून म्हणते कशी, "किती विश्वास आहे वं पोरांचा तुमच्यावर!" अस्सा राग आला मले!

पण खरा जळफळाट पाहावा तो तिच्याच वर्गातल्या गौरीचा. गार्गी आणि गौरी, कामठीहून व्हॅननं येणाऱ्या जुळ्या बहिणी. चेहरा हुबेहूब. गार्गीले फिट येतात, म्हणून तिची दुपारची गोळी चुकून चालत नाही. गौरी ठणठणीत. तेच तर तिचं दुःख!

एक दिवस मी हाक मारली आणि गार्गी पळतच आली. गळ्यात आयकार्ड होतं. मी गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं. तर विचारते, "सिस्टर, कडू लागते का?"

रोज गिळून राहिलेली पोरगी असं कशाले विचारेल? मी झटक्यात गोळी ओढून घेतली.

"गौरी! गार्गी कुठं आहे?"

"बाथरूमले गेली. कार्ड दप्तरावर होतं."

जरा उशीर झाला असता तर? हिच्या पोटात नको ती गोळी, आणि तिकडे तिले फिट! आधी गार्गीले शोधून गोळी दिली, मग मी हिच्यावर ओरडली. "काहून केलं वं असं?"

डोळे भरून आले तिचे. "आई रोज तुम्हाले फोन करते अन् हिचंच विचारते."

तेवढ्यात आईचा फोन आलाच. दोघी समोरच उभ्या. मी स्पीकरवर टाकला. "सिस्टर, गार्गीनं घेतली ना गोळी?"

झालेलं सगळं सांगायले मी तोंड उघडते, तर गौरीनं फोनच ओढला. "घेतली तिनं. आई, आता माझं विचार ना."

आई घाबरून म्हणाली, "काहून वं बाई? तुले काय झालं?"

गौरीनं नाक पुसलं, बहिणीकडे ऐटीत पाहिलं आणि सांगितलं, "काही नाही!"