बेटाच्या मागचा रस्ता

आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, बेट विकत घेतलं ते चुकून. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि तरी कुणीही ती कुणाला कधी सांगितली नाही. मोठ्या घरांची गुपितं तिजोरीत असतात म्हणे. आमचं एका शब्दात होतं, आणि तो शब्द आम्ही दर उन्हाळ्यात कौतुकानं मिरवत होतो.

आबांची कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कळकाची वखार. मांडवाचे बांबू, शिड्या, स्लॅबखाली लावायच्या बल्ल्या, सगळं आबांकडं मिळायचं. पुढं सॉ मिल झाली, प्लायवूडची दोन दुकानं झाली, दारात गाड्या लागल्या, पण आबांचं डोकं कळकातच राहिलं. कळक रानात एकेकटा उगवत नाही, झुबक्यानं उगवतो, आणि त्या झुबक्याला बेट म्हणतात. वखारवाल्याला बेट म्हणजे तेवढंच. पाण्यातलं बेट हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द, आणि आबांचा नि भूगोलाचा संबंध चौथीतच सुटला होता.

तर तिकडं दक्षिणेला, एका धरणाच्या काठची टेकडी कुणीतरी विकायला काढली. भर उन्हाळ्यात आबा जीपनं बघायला गेले. खाली पाणी, वर गार वारा, आणि एका कोपऱ्यात खरोखरच कळकाची दोनचार झुडपं. मालक म्हणाला, "पावणं, बेट हाय बेट. असं दुसरीकडं कुठं घावायचं न्हाई." आबांनी कळकाकडं बघितलं आणि तिथल्या तिथं शब्द दिला. पेठेत येऊन तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं, बेट घेतलंय. कट्ट्यानं पेढे खाल्ले.

मग पावसाळा आला आणि धरण भरलं. ज्या वाटेनं आबांची जीप वर गेली होती ती वाट पाण्याखाली गेली. तालमीतला एक जण तिकडून काही कामानं आला आणि कट्ट्यावर चारचौघांत म्हणाला, "आबा, तुमच्या बेटाला चारी बाजूनं पाणी लागलंय की."

आबा जरासुद्धा अडखळले नाहीत, असं तिथं बसलेले अजून सांगतात. म्हणाले, "मग? बेटाला काय चारी बाजूनं हायवे असतोय व्हय?"

झालं. त्या एका वाक्यानं आमचे पुढचे सगळे उन्हाळे ठरवून टाकले. आता चूक कबूल करायची तर कट्ट्यावर करायला लागणार, आणि पेठेत एकदा हसं झालं की ते नातवंडांच्या लग्नातही अक्षता टाकता टाकता ऐकू येतं. आबांनी टेकडीवर बंगला बांधला. व्हरांड्याचं तोंड पाण्याकडं ठेवलं. बोट आणली. स्वतःसाठी एक पांढरी गोल टोपी आणली, जी कोल्हापुरात कुणी घालत नाही. आणि शाळांना सुटी लागली की सगळं घरदार, तांदळाच्या पोत्यांसकट, बेटावर हलवायला सुरुवात केली.

गंमत अशी की पावसाळ्यात आमचं बेट खरंखुरं बेट असायचं, पण तेव्हा वारा इतका की तिथं माणूस राहू शकत नसे. उन्हाळ्यात आम्ही जायचो तेव्हा पाणी उतरून मागची वाट पुन्हा उघडी पडलेली असायची. बेट होतं तेव्हा आम्ही नसायचो, आणि आम्ही असायचो तेव्हा बेट नसायचं. तरीही आम्ही पुढच्या बाजूनं बोटीनंच जायचो. मे महिन्याच्या अखेरीला पुढंही पाणी इतकं उतरायचं की बोट चिखलात रुतायची. मग आम्ही पोरं आणि मोठे पुरुष खाली उतरून ती ढकलायचो. आबा टोपी घालून आत बसलेले असायचे. उतरले असते तर ते चालत बेटावर गेल्यासारखं झालं असतं.

आम्हा मुलांना मागच्या बाजूला जायची बंदी होती. तिकडं बिबट्या आहे असं सांगितलं होतं. रोज सकाळी त्या बिबट्याच्या रानातून गावच्या म्हशी निवांत चालत यायच्या आणि आमच्या परसात चरायच्या. मी एकदा आबांना विचारलं, "या म्हशी कुठनं येतात?"

"पवत."

"मग कोरड्या कशा?"

"ऊन किती हाय बघ की," आबा म्हणाले आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मोठ्या माणसांवरचा माझा विश्वास त्या दिवशी जो सैल झाला तो पुन्हा कधी घट्ट झाला नाही.

या सगळ्यात हसू यायचं नाही ते एका माणसाला. आबांची बायको, माझी काकी, नेसरीची. बंगल्याच्या मागच्या वाटेनं गाडी काढली तर नेसरी तासाभराच्या आत. पुढून जायचं तर आधी बोट, मग जीप, मग धरणाला सगळा वळसा, यात दिवस मोडायचा. काकीच्या सगळ्या बहिणी मे महिन्यात माहेरी जमायच्या. तिची आई, जिला ती तिकडच्या कानडी वळणानं अव्वा म्हणायची, पेंढ्यात आंब्याची आढी घालून लेकींची वाट बघायची. काकी दिवाळीला, लग्नाकार्याला नेसरीला जायची, नाही असं नाही. पण आढी उघडताना ती लग्नानंतर फक्त पहिली काही वर्षं होती. मग बेट आलं.

दर मे महिन्यात काकी एकदा विचारायची, "मागनं जाऊन येऊया की. सांजच्याला परत."

आबा दरवेळी तेच सांगायचे, "मागनं रस्ता न्हाई."

एकटीनं जायला काकी काही भित्री नव्हती. पीठ दळायला ती मागच्या वाटेनं गावात बिनधास्त जाऊन यायची, आणि आबा त्या वेळेला बरोबर झोपलेले असायचे. पण माहेरची गोष्ट वेगळी. दारात भाऊ विचारणार, दाजी कुठं आहेत, कुठून आलीस. मग एक तर खोटं बोला, नाही तर नवऱ्याची उतरवा. काकीला दोन्ही नको होतं. तिचं एवढंच म्हणणं होतं की नवऱ्यानं एकदा रस्ता आहे म्हणावं आणि त्या रस्त्यानं माहेरी न्यावं.

एका वर्षी सांगलीहून आबांचे व्यापारातले पाहुणे आले. आबांनी त्यांना बोटीतून फिरवून आणलं, व्हरांड्यात बसवलं आणि हात फिरवून म्हणाले, "चारी बाजूनं पाणी. मांजर यायचं न्हाई इकडं." पाहुणे भारावून माना हलवत होते. तेवढ्यात घरामागून भोंगा वाजला. पॉं पॉं. कोपऱ्यावरून एक माणूस सायकल ढकलत आला. कॅरिअरला निळी पेटी.

"गारेगार," तो म्हणाला.

पाहुण्यांनी सायकलकडं बघितलं, मग पाण्याकडं, मग आबांकडं. आबा शांतपणे म्हणाले, "आपलाच माणूस हाय. बोटीतनं आणतोय सायकल."

"कसली बोट मालक?" गारेगारवाल्यानं विचारलं.

"सगळ्यास्नी एकेक दे," आबा ओरडले. पाहुण्यांनी केशरी कांड्या चोखल्या आणि पुढं काही विचारलं नाही. सांगलीचे लोक सभ्य असतात. मी हसू दाबत स्वयंपाकघरात पळाले तर तिथं काकी तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकलेली. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग काकीनं डोळे पुसले, आणि पुसतच राहिली. म्हणाली, "गारेगारवाल्याला रस्ता हाय बघ. मलाच न्हाई."

मला तेव्हा आबांचा राग आला. अजूनही आठवलं की येतो. पण राग धरून बसावं असा तो माणूस नव्हता, ही खरी अडचण. बेट सोडलं तर त्यांनी काकीला काही म्हणजे काही कमी केलं नाही. पुढं एका हिवाळ्यात अव्वा गेली. त्यानंतरच्या मे महिन्यात काकीनं विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि आबा दुपारच्या चहाला उगीच घुटमळायचे, कुणीतरी विचारायची वाट बघत असल्यासारखे.

गेल्या मे महिन्यापर्यंत हे असंच चाललं. आबांनी आता ऐंशी ओलांडलीय, गुडघे गेलेत, बोटीत त्यांना दोघं धरून बसवतात. माझेही केस पांढरे झालेत. गेल्या वर्षी आबांच्या नातवाचं लग्न झालं. नातसून पुण्याची, कॉम्प्युटरवरची नोकरी. तिचं काम संपवून ती नंतर एकटी गाडीनं पलीकडच्या काठापर्यंत यायची होती. तिला घरातलं गुपित कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते कुणी कुणाला सांगायचंच नसतं. तिचा सासरा, माझा चुलतभाऊ, तिला आणायला बोट घेऊन निघाला. काकी आणि आम्ही सगळे पुढच्या पायऱ्यांवर औक्षणाचं ताट घेऊन उभे. आबा खुर्चीत, टोपी घालून.

हॉर्न मागून वाजला.

नातसून परसातल्या म्हशी चुकवत, स्वयंपाकघरातून थेट व्हरांड्यात आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग. आमच्या सगळ्यांच्या पाठीकडं बघून म्हणाली, "नमस्कार करते आजोबा. तुम्ही सगळे तिकडं काय बघताय?" तिच्या हातातल्या फोनमधून एका बाईनं सांगितलं की आपण पोहोचला आहात.

आबा म्हणाले, "वाट चुकलीस तू."

"नाही आजोबा, अगदी बरोबर आले. मॅपवर सरळ रस्ता आहे." तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. त्यात आमची टेकडी होती आणि तिच्यावर मागून आलेली एक ठसठशीत निळी रेघ. तिकडं पाण्याच्या मध्यावरून चुलतभाऊ आम्हाला खुणा करून विचारत होता की ती कुठं आहे.

काकीनं हातातलं ताट माझ्याकडं दिलं. "पोरी, तुझ्या त्या फोनातल्या बाईला नेसरी ठावं हाय का गं?"

नातसुनेनं बोटं फिरवली. "आहे की. तासाभराच्या आत पोहोचू."

काकी आत गेली आणि ठेवणीतलं इरकल नेसून आली. आबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. आमच्याकडं बायकाही आलो, गेलो असंच बोलतात. ती म्हणाली, "मी निघालो. तुमी येतासा का?"

"मागनं रस्ता..." आबांनी सवयीनं सुरुवात केली. मग परसाकडं बघितलं. तिथं नातसुनेची लाल गाडी उभी होती आणि एक म्हैस तिच्या आरशात बघत होती. आबांनी वाक्य तिथंच सोडलं. टोपी काढून खुर्चीवर ठेवली, काठी शोधली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी ताटासकट काकीशेजारी बसले, कारण ते कुठं ठेवायचं ते मला सुचेना.

गाडी उतारावरून खाली आली. दोन्हीकडं वाळून भेगाळलेली धरणाची जमीन. मग आबा समोरच्या काचेकडं बघत म्हणाले, "मला वाटलं, कळकाचं हाय."

"काय आजोबा?" नातसुनेनं विचारलं.

"तुला न्हाई."

काकी म्हणाली, "ठावं हाय मला. सौदा झाल्यावर कोयतं दिऊन गडी धाडला हुतासा की, कळक तोडायला."

आबांची मान थोडी खाली गेली. गाडी डांबरी रस्त्याला लागली. काकी बाहेर बघत होती. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तवाच म्हणला असतासा तर अव्वा हुती."

मला वाईट वाटलं, दोघांचंही, आणि ते कुणाचं जास्त हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नेसरीत काकीचा भाऊ घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता. त्याला आता नीट दिसत नाही. डोळ्यांवर हात धरून त्यानं ओळखलं आणि धडपडत उठला. आतून त्याची सून भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तरी काकी उंबऱ्याबाहेरच उभी.

"दाजी? भर मे महिन्यात?" भाऊ म्हणाला. "अक्का, कुठनं आलासा गं?"

काकी आबांकडं बघत राहिली. आबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. त्या माणसाला कट्ट्यावर दहा जणांना गप्प करताना मी बघितलंय. इथं एका म्हाताऱ्या मेव्हण्यासमोर त्यांनी चष्मा दुसऱ्यांदा काढून पुसला.

"बेटावरनं," ते शेवटी म्हणाले. "मागनं रस्ता हाय." जरा थांबले. "पहिल्यापासनं हाय."

काकीनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. आत गेल्यावर तिनं विचारलं, "आढी कुठं घातलीया?"

"अव्वाच्या खोलीत," भाऊ म्हणाला. "दुसरीकडं कुठं घालणार?"