दाजींचं कासव

पाण्याखाली चालणारं यंत्र बाळगणारा माणूस समुद्राकाठी राहत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझे दाजी पाहिलेले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. गाव धारूरच्या डोंगराकडेला, जिथं चांगल्या सालीसुद्धा लोक पाणी बघायला मुद्दाम तलावावर जातात. सबंध मराठवाड्यात घरची पाणबुडी असलेला हा एकच माणूस, आणि तीही त्यांनी तयार केली ऐन दुष्काळात.

दाजी गावच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचे चेअरमन. सहकार अंगात इतका भिनलेला की घरातही ठरावाशिवाय काही हलत नसे. भाजी अळणी लागली तर ताटावरूनच म्हणायचे, "मीठ वाढावं, असं मी सुचवतो. अनुमोदक कोण?" अक्का चुलीपुढून सांगायची, "मीठ डब्यात हाय. उठा अन् घ्या." उभ्या संसारात तिनं त्यांना एकदाही अनुमोदन दिलं नव्हतं. ते काम मेव्हणा म्हणून माझ्याकडे यायचं. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.एस्सी. झालो हे आजही छाती काढून सांगतो. दाजींनी मला लगेच संस्थेचा सेक्रेटरी केलं आणि नाव टाकून 'पदवीधर' म्हणायला लागले.

त्या साली विहिरी आटल्या. तलावाच्या तळाशी थोडं पाणी होतं, पण संस्थेच्या पंपाला ते ओढेना. पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं, आणि गाळ असा की पट्टीचा पोहणाराही उतरायला तयार होईना. पाणी संपायच्या आत ते तोंड मोकळं झालं नाही तर गावातल्या गुरांना केजचा बाजार दाखवायची वेळ येणार होती. "आदी आत काय हाय ते बगू," दाजी म्हणाले आणि पाणबुडी करायला बसले; तिचं नाव ठेवलं कासव. प्लास्टिकच्या पाइपांचा सांगाडा, कूलरच्या पंपाच्या मोटारी, जीप मागं घेताना लागतो तो कॅमेरा आणि काठावर बसून बघायला त्याचा पडदा, तरंगायला थर्माकोल, बुडायला किराणा दुकानातली वजनं, अडकलेलं ओढायला लोखंडी आकडा. त्याला लांबलचक वायर, ट्रॅक्टरची बॅटरी आणि चालवायला टेबलफॅनची बटणं. सांध्यांना ग्रीस इतकं फासलं की अक्काला वाटलं, नवरा बैलगाडीच करतोय.

आता तलावात सोडायच्या आधी कासव गळतं का, हे तपासायला पाणी हवं. आणि पाणी कुणाकडं? दाजींनी सहकारी मार्ग काढला. प्रत्येक सभासदानं घागरभर पाण्याचा शेअर घ्यायचा, पिंप भरायचं, चाचणी झाली की ज्याचं त्याला परत. हापशीवरून पाणी आणून मान मोडलेली अक्का म्हणाली, "कावून हो, माणसं पारोशी अन् ह्या कासवाला आंघोळ?" तरी पिंप भरलं. कासव पोट वर करून तरंगलं. वजनं वाढवली तर दगडासारखं तळाला गेलं. थर्माकोल लावत, वजनं काढत दुपार झाली, तेव्हा कुठं ते शहाण्यासारखं मधोमध थांबलं. शेअर परत मिळाले, पण पाण्यावर ग्रीसचा तवंग. एकाच्या म्हशीनं वास घेऊन तोंड फिरवलं. तो ओरडला, "दाजी, लाभांश लई चिकट हाय!"

तलावाकाठी टेबल मांडून सभा भरली. बॅटरी भरली, मंजूर. कॅमेऱ्याची काच पुसली, मंजूर. वायरीच्या गाठीपाशी आल्यावर कळलं की कोरमच नाही. सभा तहकूब. अर्ध्या तासानं तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण तोवर चहाच्या वासानं सगळं गाव आलं आणि एकानं हरकत घेतली: वजनं दुकानदाराची, संस्थेची नव्हेत, ती बुडवायचा अधिकार आपल्याला आहे का? प्रश्न पुढच्या सभेवर. पुढच्या सभेला नवी हरकत. दर सभेला पाणी मागं सरकायचं, आणि आम्ही टेबल उचलून पुढं सरकायचो.

शेवटी डुबकी एकमतानं मंजूर झाली. कासव उचलून वळलो तर पाइपाचं तोंड उघड्यावर, त्यावर कावळा बसलेला. दाजींनी वाळल्या गाळातून चालत जाऊन तोंडात अडकलेलं ओढून काढलं. वादळात उडालेला फ्लेक्स होता. 'चेअरमनपदी निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली हात जोडलेले दाजी. मग एक म्हातारा म्हणाला, "कवापासून आत बसलाव, चेअरमन?"

सगळं गाव हसलं, आणि हसत हसतच कामाला लागलं. चर खोदून उरलंसुरलं पाणी पाइपापर्यंत आणलं. पंप चालला, गुरं तगली. संध्याकाळी दाजी उभे राहिले. "माझ्यावर ठपका ठेवावा, असं मी सुचवतो." एकेकाकडं बघत राहिले. अनुमोदक मिळाला नाही. मीही पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलो.

दाजी आता थकलेत. कासव गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं असतं, त्यात चिमण्या नांदतात. ते खऱ्या पाण्यात उतरलं एकदाच, पुढच्या साली तलाव भरला तेव्हा. सभा नव्हती. दाजी, मी आणि भाकरी घेऊन आलेली अक्का. कासव बुडबुडत खाली गेलं. पडद्यावर नुसता तांबडा अंधार.

"काय दिसतंय, दाजी?"

"काई न्हाई, पदवीधर." त्यांनी पडद्यावरचा डोळा काढला नाही. "निस्तं पाणी. वर पाणी, खाली पाणी." मग सवयीनं, पण अगदी हळू म्हणाले, "तलावात पाणी हाय, असं मी सुचवतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून, भाकरीचं फडकं सोडता सोडता, अक्का म्हणाली, "अनुमोदन."