तेलाच्या पोटातलं पाणी

रॉकेलचा वास आला की साठ सालच्या आसपासचा मालवणचा किनारा आठवतो. माझं नुकतंच लग्न झालं होतं. जहाजांतून समुद्रात सांडून लाटांबरोबर आलेलं तपकिरी, चिकट तेल यांनी होडीच्या तळाला लावायला घमेलंभर आणलं. ते फारच घट्ट होतं. थोडं रॉकेल घातल्यावर पातळ झालं, पण रंग तपकिरीच. मी आणखी बरंच ओतून ठेवलं. सकाळी वरचं काळंभोर तेल काढलं, तर खाली पाणी! "पाणी खंयसून इला? तू ओतलंस?" "नाय ओ!" यांनी त्यात बोट बुडवून चाखलं. खारट! "म्हणजे पाणी अडवूक मी पाणीच लावणार होतंय!" होडीला शेवटी माशाचं तेलच लावलं. थोड्या रॉकेलला न सुटलेलं पाणी जास्तीला कसं सुटलं, हे मला अजूनही उमगत नाही.