आठ बेडकांची बरणी

उल्काताईंनी चाळीस वर्षं लोकांना झोपवलं. त्या भूलतज्ज्ञ. लंडनमध्ये हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून स्वतःच अर्धवट झोपेत वावरतात, असं मी त्यांना चिडवते. मी सीमा, त्यांची शेजारीण. दुपारी त्यांच्या मागच्या खोलीत बसलं की ऊन सावकाश सरकत जातं, बागेपलीकडून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन जाते, आणि ताई डोळे मिटून चीनमध्ये पोचलेल्या असतात.

"सीमा, सम्राटाला कागद दाखवला तो सन १०५ मध्ये. एका चाकाची ढकलगाडीही त्याच सुमाराची. पतंग मात्र कितीतरी जुना हं."

स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण चीनमध्ये कोणती वस्तू कधी आली ते तोंडपाठ!

सगळ्यांत लाडकं ते सन १३२ मधलं भूकंप सांगणारं भांडं. मोठा रांजण, आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात एक गोळी आणि खाली आ वासून बसलेला बेडूक. दूर कुठे जमीन हलली की त्या बाजूची गोळी बेडकाच्या तोंडात. एकदा अशी गोळी पडली, पण राजधानीत कुणालाच काही जाणवलं नाही. लोक हसले. काही दिवसांनी घोडेस्वार बातमी घेऊन आला. शेकडो मैलांवर भूकंप झाला होता.

ताईंचा जीव या भांड्यात का अडकला, ते मला माहीत आहे. १९८१ साली त्या इथे परीक्षेला बसल्या होत्या आणि तिकडे सांगलीत त्यांचा थोरला भाऊ गेला. उल्काची परीक्षा आहे, उगाच कशाला कळवायचं, असं घरच्यांनी ठरवलं. फोन आला तो तेरावं उरकल्यावर, चौदाव्या दिवशी.

"तेवढे दिवस मी हसत होते गं. एकदा तर श्रीखंड केलं," हे त्या अजूनही सांगतात. आपली माणसं हे प्रेमापोटीच करतात, पण मला त्या प्रेमाची चीड येते.

मग ताईंनी पॉटरी क्लासला जाऊन मातीची तशीच बरणी केली. आठ ड्रॅगन, आठ बेडूक, गोळ्यांऐवजी गोट्या. आग्नेयेला सांगली. वायव्येला मँचेस्टर, कारण तिथे लेक वरदा राहते. नियमही त्यांनीच केला. एक गोटी पडली तर हादरा दूर कुठेतरी. आठही पडल्या तर इथेच, पायाखाली. मोठी ट्रेन गेली की सगळ्या पडायच्या आणि ताई मुकाट्याने परत लावायच्या.

मध्यंतरी त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ वाईट निघाली. मी सोबत होते म्हणून मला कळलं.

"वरदाचा नव्या जॉबचा इंटरव्ह्यू आहे. उगाच कशाला सांगायचं? शपथ घे, तोंडातून शब्द काढणार नाहीस."

घेतली. पण जेवण गोड लागेना.

रविवारी वरदा आली. ताईंनी तिला आग्रह करकरून वाढलं, मी ठणठणीत आहे म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. वरदा बागेत होती. मी उठले आणि आठही गोट्या एकेक करून बेडकांच्या तोंडात ठेवल्या. शब्द काही काढला नाही.

वरदा आत आली. बरणीपाशी थबकली.

"आई, सगळ्या गोट्या पडल्यात! म्हणजे इथेच ना?"

ताई ट्रे घेऊन दारात उभ्या. "ट्रेन गेली असेल गं."

"आज लाइन बंद आहे. मी रिप्लेसमेंट बसनी आले."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि पेशंटच्या घरच्यांना सांगावं तसं दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

वरदा रडली नाही. तिने आईचा हात धरला.

"तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"मामाच्या वेळी चौदाच दिवस होते, आई."