रिलिव्हर आल्यावर

रोह्याजवळच्या वरसे गावापलीकडल्या आदिवासीवाडीत प्रदीप वाघमारे हा एकटाच असा, की ज्याची सुट्टी दुसऱ्याच्या हातात होती. वाडीतले बाकीचे मजुरीला पटलं तर जात, नाही पटलं तर मुकादमाला तोंडावर सांगून नदीचा रस्ता धरत. त्याचा बाप बुधा तर यात पटाईत. खांद्यावर जाळं टाकून विचारायचा, "परदीप, कंपनीनं तुला पगार दिला का दावं दिलं?" प्रदीप हसण्यावारी न्यायचा. पण बापाने कामाला लाथ मारली की घरात चूल पेटत नसे, हे त्याने लहानपणी पोटाने शिकून घेतलं होतं.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तो ठेकेदाराचा माणूस. मोबाइल गेटवर जमा करायचा, रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहायचं, आणि पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आलाच नाही तर त्याचीही पाळी आपणच ओढायची. याला नाही म्हणणारा परमनंट होत नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना तोंडपाठ होतं. निलेश नावाच्या सोबत्याला एकदा साहेबाने गोडीत "जा, मी बघतो" म्हटलं. तो भाबडा गेला, आणि परमनंट करताना नेमका तोच वगळला गेला. प्रदीपने ते मनात पक्कं केलं. मेव्हण्याचं लग्न, पोरीचा पहिला वाढदिवस, सगळं रिलिव्हरची वाट बघण्यात गेलं.

बुधा आणि प्रदीपची आई ठमाबाई लेकीकडे, पेणजवळच्या गडब गावी गेले होते. तिथेच एका सकाळी बुधाच्या छातीत कळ आली. लेकीने, शीतलने, त्याला पेणच्या सरकारी दवाखान्यात नेलं. प्रदीपच्या बायकोने, राणीने, गेटवर फोन केला आणि स्वतः पेणची एसटी धरली.

आदेश हा नवा सुपरवायझर धावत रिअ‍ॅक्टरपाशी आला. "प्रदीप, वडलांना पेणला अ‍ॅडमिट केलंय. तू जा, मी उभा राहतो."

आदेश मनापासून बोलत होता. पण प्रदीपला निलेश आठवला. "रिलिव्हर आल्यावर जातो, साहेब," तो म्हणाला. दुपारी आदेशने पुन्हा सांगितलं, तेव्हाही तेच. याला गाढवपणा म्हणायचं, दुसरं काय? पण त्याचे पाय काही हलत नव्हते, हेही खरं.

रिलिव्हर उगवला तो दिवेलागणीला, बाइक बंद पडली म्हणत. प्रदीप पेणला पोचला तेव्हा बुधाच्या अंगावर चादर ओढलेली होती.

"सारखे विचारत होते, परदीप निघाला का," राणी म्हणाली. "मी गेटावर फोन केलेला. सांगितला नाय तुम्हाला कोणी?"

"नाय," प्रदीप म्हणाला.

एवढा एकच शब्द. तो तोंडातून गेला आणि परत घेता आला नाही. मग सगळ्या वाडीने कंपनीला शिव्यांची लाखोली वाहिली. प्रदीप खाली मान घालून ऐकत राहिला.

दिवसकार्याला आदेश आला. पंगतीच्या कडेला खुर्ची दिली होती, तिच्यावर अवघडून बसला आणि चार माणसांत बरं दिसावं म्हणून बोलू लागला. "मी दोनदा म्हटलं याला, वडील सिरियस आहेत, जा. हा जागेवरून हलला नाही. अशी माणसं कुठं मिळतात हो आता?"

राणी चहा देत होती. तिने कप त्याच्या हातात नीट दिला. प्रदीपकडे पाहिलं नाही.

ठमाबाईला कमी ऐकू येई. "काय म्हणतो गो तो?" तिने विचारलं.

"तुमच्या पोराचं कौतुक करतात, आई," राणी म्हणाली.

दिवाळीआधी प्रदीप परमनंट झाला. पुढे थंडीत पोरगी तापाने फणफणली, तेव्हा राणीने गेटवर फोन केला नाही. तिला कडेवर घेऊन एकटीच रोह्याच्या दवाखान्यात गेली, आणि प्रदीपला ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून कळलं.