गोणीखाली दुखत नव्हतं

आमच्या शेजारचे हौसेराव साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. उभा जन्म पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. कोपरखैरण्याला आमच्या दोघांच्या घरांत भिंत एकच, तीही पातळ, त्यामुळे त्यांच्याकडचं बरंचसं मला त्यांच्या मुक्ताबाईंच्या आधी कळायचं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत. उताणं झोपलं की जास्त. रविवारी सुट्टीला नुसते तळमळायचे, आणि सोमवारी गोणी पाठीवर चढली की दुखणं गायब. मग काय, मुक्ताबाईंनी नि मी मिळून निदान करून टाकलं: बसून खाल्लेलं यांना पचत नाही. मुकादम रजा घ्या म्हणाला, तर मुक्ताबाई त्याच्यावरच उखडल्या. भाकरी बांधून नवऱ्याला रोज धाडत राहिल्या. ते निघाले की मी दारातून विचारायची, "काय हौसेराव, त्या गोणीशी लग्नच लावून देऊ का?" ते हसायचे. पॅन्ट सुतळीनं बांधायची वेळ आली तेव्हा म्हटलं, नवरदेव बारीक झाला बाई. त्यावरही हसले.

फेब्रुवारीत डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तेव्हा कुठे हॉस्पिटल. डॉक्टरनं विचारलं, बरं कशानं वाटतं? गोणीनं, म्हणाले. डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यात कॅन्सरची गाठ होती. पुढं वाकलं की कळ थोडी दबते, एवढंच. गोणीचा काही संबंध नाही. गाठ आता यकृतापर्यंत पोचली होती, ऑपरेशनची वेळ गेली होती.

मुक्ताबाई म्हणाल्या, "म्हंजी मीच ह्यास्नी रोज हाकलत हुते व्हय?"



घरी आणल्यावर ते गुडघ्यांवर कोपरं टेकून, वाकूनच बसायचे. तेवढ्यानं आता भागत नव्हतं. एका दुपारी मला हाक मारली. "वैनी, नवरी आणा."

मी गोणीच्या जागी घरातली जाड उशी आणून पाठीवर ठेवली. डोळे मिटून ते थांबले.

"हलकी हाय."

दुसरी ठेवली. तीही हलकी. मग मुक्ताबाई तांदूळ निवडायचं ताट बाजूला सारून उठल्या, उशा काढल्या आणि दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर टेकवून अंगाचा सगळा भार टाकला.

"आता?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मुक्ताबाईंनी हात काढले नाहीत.