पँटची कंबर

मास्तरांना लिव्हरचा सिरॉसिस झाला, तेव्हा गल्लीने आधी नाक मुरडलं. कपडे शिवण्यात जन्म घालवलेला हा माणूस दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. जुन्या काविळीने लिव्हर आतून पोखरलं होतं, पण लोकांची तोंडं कोण धरणार? त्यांच्या बायकोने तिकडे कानाडोळा केला आणि स्वयंपाकातलं मीठ कमी केलं. दोन वेगळ्या भाज्या करण्याचं त्राण नव्हतं, म्हणून तीही अळणीच गिळू लागली.

गेलेलं लिव्हर परत येत नाही, उरलेलं जपायचं, एवढं तिला पक्कं कळलं होतं. अंगदुखीची गोळी परस्पर घ्यायची नाही. पोट रोज साफ व्हायलाच हवं, नाहीतर अंगातलं विष डोक्यात चढून माणूस बरळायला लागतो. आणि पोटात मागच्यासारखं पुन्हा पाणी भरलं तर ताबडतोब दवाखाना. डॉक्टर म्हणाले होते, "रोज वजन करा. नाहीच जमलं तर कपडे घट्ट होतात का बघा."

घरातला वजनकाटा बंद पडला. तो दुरुस्तीला न्यायला दोघांचेही पाय उचलेनात. मग ती रोज सकाळी विचारायची, "पँट कशी होतेय?"

"सैल," मास्तर म्हणायचे.

एका दुपारी ती दुकानात काज-बटणं करत बसली होती. मास्तर खुर्चीतच पेंगले होते. इस्त्रीसाठी ठेवलेली त्यांची पँट तिने उलटी केली. कंबरेच्या शिवणीशेजारी उसवलेल्या टाक्यांच्या खुणा होत्या, एकीला लागून दुसरी. शिवणीत राखलेलं जादा कापड पार संपलं होतं. पोट वाढेल तशी हा शहाणा माणूस कंबर उसवून सैल करत गेला होता.

तिने त्यांना हलवून उठवलं आणि पँट मांडीवर टाकली. "हे काय?"

मास्तरांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "मागच्या वेळी दवाखान्यात तू त्या बाकड्यावर बसून झोपायचीस. परत तेच करायला लावायचं जिवावर आलं."

तिला राग आला, रडूही आलं, पण दोन्हीला लागणारी ताकद नव्हती. तिने दवाखान्याची पिशवी काढली, त्यात त्यांचा टॉवेल कोंबला.

"चला. पोट मलाही दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती चप्पल शोधत होती. "तुम्ही सैल म्हणायचात," ती म्हणाली, "आणि मला तेवढंच बरं वाटायचं."